नायट्रेट दर तीन आठवड्यांनी पुन्हा ४० वर: रीफ टँकच्या गाळणव्यवस्थेतला दोष कुठे शोधावा

ठाण्यातील माझ्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा रीफ टँक आहे. दगडांनी व्यापलेली जागा वजा करून आणि खालच्या संपमधले, म्हणजे गाळणीच्या टाकीतले, पाणी धरून एकूण पाणी सुमारे २५० लिटर भरते. दोन क्लाउनफिश, दोन क्रोमिस, एक फॉक्सफेस, एक ब्लेनी आणि त्यांच्या सोबतीला मऊ प्रवाळ व झोअँथिड या प्रवाळांसारख्या जीवांच्या काही वसाहती, एवढाच संसार आहे. या टँकमध्ये पाच महिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत होती. नायट्रेट, म्हणजे खाद्य व विष्ठा कुजून शेवटी पाण्यात उरणारे द्रव्य, ४० पीपीएमवर (लिटरला ४० मिलिग्रॅम) पोहोचे, मी निम्मे पाणी बदले, ते २० वर येई आणि सुमारे वीस दिवसांत पुन्हा ४० होई. त्याबरोबर दगडांवर केसाळ शेवाळ वाढे, झोअँथिड अर्धवट मिटलेले राहत, आणि प्रत्येक फेरीत जवळजवळ पाच किलो मीठ खर्ची पडे.

या काळात गाळणीसाठी मी काहीच केले नव्हते असे नाही. उलट, नायट्रेट वाढले की दुकानातून नवी वस्तू आणायची, हा शिरस्ताच पडला होता. संपमध्ये २०० मायक्रॉनची सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, होती, पुढे फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर होता, बाजूला सिरॅमिक रिंग आणि स्पंज भरलेला कॅनिस्टर, म्हणजे गाळणीचा बंद डबा, होता, शिवाय फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा रिॲक्टरही (दाण्यांतून पाणी फिरवणारे नळकांडे) होता. कागदावर पाहिले तर कमतरता कुठेच दिसत नव्हती. ज्यांचा टँक अशाच चक्रात अडकला आहे त्यांनी पुढची वस्तू विकत घेण्यापूर्वी दोष कोणत्या क्रमाने शोधावा, ते माझ्या चुकांच्या आधारे येथे मांडत आहे.

आधी किती आत जाते ते मोजावे

पहिली उपयोगी गोष्ट घडली ती सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यामुळे. चिमटीने टाकल्या जाणाऱ्या खाद्याचे वजन मी एक आठवडा रोज केले, तेव्हा दिवसाला सरासरी ०.९ ग्रॅम कोरडे खाद्य पडत असल्याचे दिसले. डबीवर प्रथिनांचे प्रमाण ४५ टक्के लिहिलेले होते. प्रथिनात वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज सुमारे ६५ मिलिग्रॅम नायट्रोजन टँकमध्ये जात होता. हा सगळा नायट्रोजन शेवटी नायट्रेट झाला असे धरले, तर त्याला ४.४३ ने गुणायचे. ते होतात सुमारे २८७ मिलिग्रॅम. २५० लिटरमध्ये वाटल्यावर दिवसाला १.१५ पीपीएम.

प्रत्यक्षात यातला काही भाग माशांच्या वाढीत जातो, काही शेवाळ खाते आणि काही दगडांच्या आतल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या भागातील जिवाणू वायूच्या रूपात बाहेर सोडतात, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादा समजावा. माझ्या टँकमधली वाढ मात्र रोज १ पीपीएमच्या आसपास होती. कमाल १.१५ असताना प्रत्यक्ष १, याचा अर्थ मी टाकत होतो त्यातले जवळजवळ काहीही बाहेर पडत नव्हते. स्किमर, सॉक, कॅनिस्टर या तिघांचे मिळून काम जवळपास शून्य होते. हा हिशेब होईपर्यंत मी माशांची संख्या, मिठाचा दर्जा आणि दिव्यांचे तास यांवर संशय घेत होतो.

हिशेब करताना टेस्ट किटची पुस्तिका जरूर वाचावी, कारण काही किट नायट्रेट दाखवतात, तर काही केवळ नायट्रेटमधला नायट्रोजन, आणि दोन्ही आकड्यांत सव्वाचार पटींहून अधिक अंतर असते. एकाच टँकचे पाणी एका किटवर ९ आणि दुसऱ्यावर ४० दिसले, तर दोन्ही किट बरोबर असू शकतात.

सॉकमध्ये अडकलेला कण अजून टँकमध्येच असतो

मोरीच्या जाळीवर अडकलेली भाताची शिते आपण काढून टाकली नाहीत, तर त्यांवरून पाणी वाहत राहते, शिते तिथेच कुजतात आणि कुजलेला अंश पाण्याबरोबर खाली जातो. टँकमधली सॉक, स्पंज आणि फिल्टर फ्लॉस यांची गत नेमकी हीच आहे. कण अडकल्यामुळे पाणी स्वच्छ दिसते, पण तो कण कुजून त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट होतो, आणि नायट्रेट कोणत्याही जाळीत अडकत नाही. मी सॉक दर पंधरा दिवसांनी, म्हणजे ती भरून पाणी वरून वाहू लागले की, बदलत होतो. आता ती तिसऱ्या दिवशी बदलतो. सहा सॉक एकदम घेतल्या, वापरलेल्या बादलीत साठवतो आणि साबणाशिवाय, ब्लीच घातलेल्या पाण्यात धुऊन, क्लोरिनचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवतो. पावसाळ्यात त्या नीट वाळत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर आठ लागतात.

खरा गुन्हेगार मात्र कॅनिस्टर निघाला. गोड्या पाण्याच्या टँकवर चांगले चालते म्हणून मी तो इकडे आणला होता आणि झाकण उघडायला अर्धा तास जातो म्हणून दोन-दोन महिने उघडत नव्हतो. शेवटी तो उघडून पांढऱ्या बादलीत स्पंज पिळला, तेव्हा आधी कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी आले, दुसऱ्या पिळण्याला तळाशी बोटभर गाळ बसला, आणि त्या गाळात न खाल्लेल्या खाद्याचे दाणे आकारासकट ओळखू येत होते. त्यांचा वास सांगण्याची गरज नाही. हा सगळा गाळ टँकच्याच पाण्यात, फक्त काळ्या डब्याच्या आड, दोन महिने भिजत होता.

येथे सिरॅमिक रिंगांविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये अमोनिया हटवण्यासाठी जिवाणूंना जागा लागते आणि ती रिंगा देतात. रीफ टँकमध्ये तीच जागा सच्छिद्र दगड भरपूर प्रमाणात देतात, त्यामुळे अमोनिया हटवण्याचे काम आधीच होत असते. रिंगांनी ते आणखी वेगाने होईल इतकेच, पण बाहेर काही जाणार नाही. शिवाय रिंगांच्या फटीत गाळ बसतो तो वेगळाच. रिंगा आणि स्पंज एकदम काढल्यास मात्र जिवाणूंचा मोठा साठा एका दिवसात जातो आणि अमोनिया वर येण्याची भीती असते, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी एकतृतीयांश असे दीड महिन्यात ते रिकामे केले आणि प्रत्येक वेळी तीन दिवस अमोनियाची चाचणी घेतली. आज त्या कॅनिस्टरमध्ये केवळ सक्रिय कोळशाची एक पिशवी असते. पाण्याचा पिवळेपणा काढायला ती उत्तम आहे, तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, आणि घालण्यापूर्वी धुवून काळी पूड पूर्ण काढावी लागते.

कॅनिस्टर ठेवायचाच असेल, तर वीज गेल्यावर काय होते हे लक्षात ठेवावे. बंद डब्यात प्रवाह थांबला की आतल्या जिवाणूंना काही तासांतच प्राणवायू पुरेनासा होतो. वीज तीन-चार तास गेली असेल, तर पंप सुरू होण्याआधी डबा काढून त्यातले पाणी ओतून द्यावे. ते कुजके पाणी थेट टँकमध्ये सोडू नये.

स्किमर चालू असणे आणि स्किमरने काम करणे

पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर लाटांमागे जो मळकट फेस साचतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना स्किमर समजावून सांगावा लागत नाही. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांपैकी काहींना हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटण्याची ओढ असते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, सहज एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर ही द्रव्ये जमून फेसाबरोबर वर चढतात आणि कपात पडतात. कुजण्याआधीच घाण बाहेर काढणारे हे मुख्य यंत्र आहे. एकदा तयार झालेले नायट्रेट मात्र स्किमर काढू शकत नाही, आणि ही अपेक्षा ठेवूनच अनेकजण तो बदलत राहतात.

माझ्या स्किमरची तक्रार अशी होती की तो कधी कप कोरडा ठेवी, तर कधी रात्रीतून तासाभरात कप भरून संपमध्ये ओती. त्याची तीन वेगळी कारणे होती आणि तिन्ही एकत्र नांदत असल्यामुळे निदान लांबले.

पहिले कारण पाण्याच्या पातळीचे. माझ्या संपमध्ये स्किमर आणि पाणी वर टँकमध्ये पाठवणारा रिटर्न पंप एकाच कप्प्यात होते. उन्हाळ्यात पंखा लावल्यावर रोज चार लिटरच्या आसपास पाणी उडते आणि ही सगळी घट त्याच कप्प्यात दिसते. दिवसभर पातळी उतरत गेली की फेस खाली बसे, रात्री मी एकदम चार लिटर पाणी ओतले की तोच फेस कपाबाहेर येई. मी झडप रोज फिरवत होतो आणि रोज चुकीच्या पातळीला जुळवत होतो. शेवटी काचेची एक आडभिंत सिलिकॉनने बसवून स्किमरचा कप्पा वेगळा केला, त्यातली पातळी उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर कायम राहील असे पाहिले आणि उडालेले पाणी थोडे थोडे आपोआप भरणारा फ्लोट लावला. स्किमर ओतण्याची निम्मी तक्रार त्या एका काचेने संपली.

दुसरे कारण हवेच्या नळीचे होते. हवा ओढणाऱ्या तोंडाशी मिठाचा खडा जमतो, नळी बाहेरून स्वच्छ दिसते आणि आवाजही फारसा बदलत नाही, पण हवा निम्म्यावर येते. कोमट गोड्या पाण्याचा कपभर घोट त्या नळीतून ओढू दिला की खडा विरघळतो. महिन्यातून एकदा पंप पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून, त्याचे चक्र काढून घासावे. कपाची मान मात्र दर दोन दिवसांनी पुसावी, कारण आतून चिकटलेल्या तेलकट थरावर फेस चढत नाही.

तिसरे कारण शोधायला मला दोन महिने लागले. दर रविवारी दुपारनंतर स्किमरचा फेस साफ नाहीसा होई आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत येत नसे. नोंदवही चाळताना वार लक्षात आला. रविवारी सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावायचे, हात नुसत्या पाण्याखाली धरायचे आणि काच पुसायला कोपरापर्यंत टँकमध्ये घालायचे, हा माझा आठवड्याचा क्रम होता. तेल आणि हाताचे क्रीम यांचा अत्यल्प अंशही फेस मोडतो. आता टँकचे काम शनिवारी असते, लांब हातमोजे घालून.

नवा स्किमर बसवणाऱ्यांनी पहिले काही दिवस वेडेवाकडे वागणे गृहीत धरावे. कारखान्यातले अंश निघून जाऊन आतून जैविक थर बसेपर्यंत तो स्थिर होत नाही, आणि त्या आठवड्यात झडपेशी खेळत बसल्यास काहीच कळत नाही. खरेदी करताना खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारी हलका, मध्यम की जड भार लिहिले आहे ते पाहावे, आणि जड भाराचा आकडा आपल्या पाण्याइतका असेल तोच घ्यावा.

वरून भरायचे पाणी

गाळणी दुरुस्त झाल्यावर नायट्रेटची वाढ निम्म्याहून कमी झाली, पण फॉस्फेट ०.२ पीपीएमच्या खाली जात नव्हते आणि काचेवर तपकिरी थर येत राहिला. याचे मूळ स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये होते. पिण्यासाठी बनवलेल्या अनेक यंत्रांत टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरवणारी, झडप असते. चव राहावी म्हणून ती आरओचे पाणी आणि पडद्यातून न गेलेले पाणी एकत्र करते. काहींत खनिजे मिसळणारा काडतूस असतो, आणि अलीकडे तर तांब्याचा. माणसाला ते पाणी चालते, परंतु तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना अत्यंत अल्प प्रमाणातही विषारी ठरते. माझ्या यंत्राच्या नळाला टीडीएस मीटर ४६ दाखवत होता. तांब्याचा काडतूस नव्हता हे नशीब.

उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यातले बाकी सगळे टँकमध्येच राहते. महिन्याला १२० लिटर भरले आणि त्यात ०.१ पीपीएम फॉस्फेट असले, तर १२ मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे २५० लिटरमध्ये जवळजवळ ०.०५. ज्या टँकमध्ये आपल्याला ०.०३ ते ०.१ राखायचे आहे, तिथे ही भर मोठी आहे. त्यामुळे टँकसाठी वेगळे आरओ घेऊन त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन लावावे आणि मीटर ० दाखवील तेच पाणी वापरावे. रेझिन संपत आल्यावर सिलिका आणि फॉस्फेट मीटरचा आकडा हलण्याच्या आधीच सुटू लागतात, म्हणून मी १ दिसेपर्यंत थांबत नाही. रंग तीनचतुर्थांश बदलला की रेझिन बदलतो. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर असलेल्यांचे रेझिन फार लवकर संपते, हे खर्च धरताना लक्षात घ्यावे.

फॉस्फेट पुन्हा का उसळते

चांगले पाणी भरूनही लोहाच्या दाण्यांनी फॉस्फेट ०.०५ वर आले की चार दिवसांत पुन्हा ०.१८ होई. दाणे खराब नव्हते. दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते फॉस्फेट स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. पाण्यातले कमी झाले की दगड सोडतात. महिनोन्‌महिने भरलेला साठा उतरायला महिने लागतात. या टप्प्यावर दाण्यांची मात्रा वाढवण्याचा मोह होतो आणि तो आवरावा, कारण फॉस्फेट अचानक तळाला गेल्यास प्रवाळांना धक्का बसतो. मी सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे दाणे घालून, ते रिॲक्टरमध्ये केवळ वरच्या थरात हळूच हलतील इतकाच प्रवाह ठेवून, दर दहा दिवसांनी बदलत गेलो. फॉस्फेट ०.०७ वर टिकायला साडेतीन महिने लागले.

दगडांचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो: मालवण किंवा अन्य किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड उचलून आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. दगडी प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेले असले तरी त्यांना हात लावणे गुन्हा ठरू शकतो. कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावेत. जुन्या टँकमधून निघालेले वापरलेले दगड स्वस्त पडतात, पण त्यांत फॉस्फेटचा साठा आधीच भरलेला असू शकतो, म्हणून ते महिनाभर वेगळ्या पिंपात भिजवून पाण्याची चाचणी घ्यावी.

नव्याने निवड करायची झाल्यास

आज मी कॅनिस्टर घेणार नाही. संप, नीट वेगळ्या कप्प्यात बसवलेला स्किमर आणि भरपूर सॉक एवढ्यावर सुरुवात करीन. ज्यांना नोकरीनिमित्त आठवडा-आठवडा बाहेर राहावे लागते, त्यांनी कागदाची गुंडाळी आपोआप पुढे सरकवणारा फिल्टर घ्यावा. तो महाग आहे आणि कागदाचा खर्चही कायमचा आहे, पण न बदललेल्या सॉकपेक्षा तो केव्हाही बरा. उरलेल्या नायट्रेटसाठी संपच्या एका कप्प्यात किटोमॉर्फा हे दोऱ्यांच्या गुंत्यासारखे शेवाळ मी वाढवतो, त्याचा दिवा रात्री लावतो, त्यामुळे रात्री पीएच फार घसरत नाही. दर पंधरा दिवसांनी त्यातला एकतृतीयांश गुंता काढून टाकतो. तो काढला नाही, तर त्याचाही सॉकच होतो. यूव्ही दिवा हिरव्या पाण्यावर चालतो, दगडावरच्या शेवाळावर नाही. व्होडका किंवा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवण्याची पद्धत खरी आहे, पण ती स्किमर भक्कम असल्याशिवाय सुरू करू नये, कारण ते जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि स्किमरनेच बाहेर जातात. मे महिन्यात, टँकचे पाणी ३० अंशांपर्यंत गेलेले असताना, ती अजिबात सुरू करू नये. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो.

सगळे सुरळीत झाल्यावर मी आणखी एक चूक केली. शेवाळ जाते आहे हे पाहून हुरूप आला, कोळसा, दाणे आणि किटोमॉर्फा तिन्ही जोरात चालवले आणि नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले. पंधरा दिवसांत वाळूवर बुडबुडे धरणारा, तपकिरी, लाळेसारखा थर पसरला. ते डायनोफ्लॅजलेट नावाचे सूक्ष्म एकपेशी जीव होते. पोषकद्रव्ये संपली की प्रतिस्पर्धी शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात आणि यांना मोकळे रान मिळते. दाणे बंद केले, खाद्य थोडे वाढवले, नायट्रेट ५ च्या आसपास येऊ दिले, तेव्हा सहा आठवड्यांनी तो थर हटला.

सध्याच्या नोंदी अशा आहेत: खाद्य दिवसाला ०.७ ग्रॅम, सॉक तिसऱ्या दिवशी, स्किमरचा कप दर दोन दिवसांनी, पाणीबदल आठवड्याला १० टक्के, नायट्रेट ४ ते ७, फॉस्फेट ०.०५ ते ०.०८. काटा अजून टँकशेजारी असतो, कारण घरी पाहुणे आले की फॉक्सफेसला कोणी ना कोणी चिमूटभर जास्त टाकतेच.